कागदी पात्रं बनवताना या चुका टाळा: जोड जुळला नाही की गोंदाला दोष देण्याआधी

कागदी मॉडेलची रड नेहमी शेवटी सुरू होते. डोकं बंद होत नाही, मानेपाशी फट राहते, एक पाय तिरका बसतो, उभं केलं की नायक तोंडावर आपटतो. मग गोंद बदलून पाहिला जातो. गोंद बिचारा क्वचितच दोषी असतो. चूक आधीच झालेली असते: प्रिंट काढताना, कागद निवडताना, नाहीतर त्याच्याही आधी स्क्रीनवर पात्राचा आकार ठरवताना. म्हणून इथे बिघाडापासून सुरुवात करून उलट मागे जाऊ. तयार टेम्प्लेट (छापून, कापून, चिकटवायच्या भागांचा साचा) वापरणाऱ्यांना सुरुवातीचा भाग जास्त उपयोगी पडेल, स्वतः डिझाइन करणाऱ्यांना नंतरचा.

शेवटचा भाग बसत नाही

आधी पट्टी घेऊन प्रिंट मोजा. छपाईच्या सेटिंगमध्ये ‘पानात बसवा’ हा पर्याय पुष्कळदा आपोआप निवडलेला असतो आणि तो साचा गुपचूप लहान करतो. ए4 पानासाठी (210 × 297 मिमी) आखलेला साचा लेटर आकाराच्या कागदावर (216 × 279 मिमी) बसवला, तर तो 94 टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येतो. सगळी पानं सारखीच आक्रसली तर पात्र जरा बुटकं होईल, एवढंच. खरा घोळ होतो तो अर्धी पानं आज आणि अर्धी दुसऱ्या दिवशी वेगळ्या सेटिंगवर काढल्यावर. 3 टक्क्यांचा फरक 20 सेमी लांबीच्या कडेवर 6 मिमी होतो. छपाई 100 टक्क्यांवरच ठेवा. साचा तुमचा असेल तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 100 मिमीची एक रेघ टाकून ठेवा, ती मोजली की शंका मिटते.

माप बरोबर निघालं तर संशय जाडीवर घ्यावा. नेहमीचा 80 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो, तर 200 जीएसएमची कार्डशीट पाव मिमीच्या आसपास. पाव मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण बाहीत हात घालायचा असेल, म्हणजे एका नळीत दुसरी नळी, तर आतल्या नळीचा व्यास दोन्ही बाजूंची जाडी धरून अर्धा मिमी कमी लागतो आणि तिचा घेर दीड मिमीहून थोडा जास्त कमी करावा लागतो. पातळ कागदासाठी केलेलं टेम्प्लेट जाड कार्डशीटवर छापलं की मनगट, मान, टोपीची कड अशा जागा नेमक्या याच कारणाने अडतात. अशा ठिकाणी आतल्या भागाची चिकटवायची पट्टी थोडी जास्त आत सरकवून घेर कमी करता येतो. मात्र गोंद लावण्याआधी कोरडं बसवून बघायला हवं.

तिसरं कारण क्रमाचं. बरेच जण शरीरापासून सुरू करून चेहऱ्यावर संपवतात, कारण चेहरा म्हणजे बक्षीस. करायला हवं नेमकं उलटं. नाक, डोळ्यांच्या खोबणी, केसांची टोकं हे बारीक काम आतून बोटाचा आधार मिळतो तोवरच नीट होतं. पोकळ भाग बंद करायची शेवटची जागा सपाट, रुंद आणि सहसा न दिसणारी हवी: डोक्याची मागची बाजू, पायाचा तळवा, धडाचा खालचा भाग. मानेचं भोक तसंच उघडं ठेवलं तर त्यातून लांब चिमटा घालून शेवटची पट्टी आतून दाबता येते.

आणि सगळे भाग एकदम कापून टेबलावर पसरू नका. क्रमांक पुष्कळदा भागाबाहेर छापलेला असतो, कापला की तो कचऱ्यात जातो. लागेल तेवढंच कापावं आणि भागाच्या मागे पेन्सिलने क्रमांक लिहावा.

घड्या वाकड्या, कडा फाटलेल्या

घडी घालण्याआधी रेषेवर दाबरेघ, म्हणजे कागद न कापता दाबून उमटवलेली रेघ, ओढलीच पाहिजे. शाई संपलेलं बॉलपेन, पट्टी आणि खाली जरा मऊ आधार, एवढं पुरे. कटरने अर्धवट छेद देऊनही घडी सुबक येते, पण हात जरा जड पडला की कागद तुटतो आणि जोराने उघडझाप झाली की तोच सांधा आधी जातो. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. दाबरेघा ओढायच्या त्या भाग पानातून सुटा करण्याआधी. चिमुकला सुटा तुकडा पट्टीखाली धरणं म्हणजे छळ.

रेषांच्या खुणांनी तर जाणकारांनाही चकवलंय. ओरिगामीत तुटक रेषा म्हणजे आत जाणारी घडी, आणि रेघ-टिंब असलेली रेषा म्हणजे वर येणारी. कागदी मॉडेलच्या अनेक टेम्प्लेटमध्ये हे बरोबर उलटं असतं. नाक आत आणि गाल बाहेर असा चेहरा तयार होऊ लागला तर हेच झालंय समजा. पानावरची सूची वाचा. ती नसेल तर खात्रीच्या एका घडीवरून, उदाहरणार्थ कोपराच्या किंवा बुटाच्या, बाकीच्यांचा अर्थ लावा.

कागदाला तंतूंची दिशा असते, हे फार कमी जण लक्षात घेतात. तंतूंना समांतर घडी सरळ येते, आडवी घडी खडबडीत होते आणि जाड कागदावर तिथे रंगही तडकतो. ओळखायचं कसं? पान न मोडता आधी लांबीकडून, मग रुंदीकडून हलकंसं वाकवून पाहा. ज्या दिशेने ते मुकाट्याने वळतं, त्या वळणाच्या अक्षाला तंतू समांतर असतात. हात, पाय, शेपूट, तलवारीची मूठ असे नळीसारखे भाग तंतूंना समांतर ठेवले तर गोल वळतात, आडवे ठेवले तर त्यांना टोकं येतात. लांब नळी वळवण्याआधी टेबलाच्या कडेवरून ओढून किंवा गोल पेन्सिलीवर फिरवून कागद सैल करून घ्यावा.

सुरकुत्या आणि पांढऱ्या कडा

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. पाणी लागलं की तंतू फुगतात, आणि ते लांबीत कमी, जाडीत जास्त फुगतात. त्यामुळे कागद एकाच दिशेने पसरतो आणि लाटा उठतात. उपाय: टूथपिकच्या टोकाने पट्टीवर इतका पातळ थर द्या की दाबल्यावर बाहेर काही येऊ नये. थोडा वेळ थांबून गोंद चिकट झाला की मगच दाबा. मोठे पृष्ठभाग एकमेकांवर चिकटवायचे असतील, ढाल किंवा पंख दोन थरांचे करायचे असतील, तर पाण्याचा गोंद टाळून दुहेरी टेप बरा. ग्लू स्टिकने सुरकुत्या येत नाहीत हे खरं, पण ताण पडणाऱ्या जोडांवर ती काही काळाने सुटते.

काळ्या झग्याचा खलनायक आणि त्याच्या प्रत्येक शिवणीवर पांढरी रेघ, हे दृश्य ओळखीचं असेल. कागदाचा गाभा पांढरा असतो, छपाई फक्त वर. कापल्यावर आणि चिकटवण्याआधी प्रत्येक कडेवरून जुळत्या रंगाची रंगीत पेन्सिल किंवा मार्कर फिरवायचा. मार्कर मागच्या बाजूने चालवला तर पुढे ओघळत नाही. इंकजेटची साधी शाई गोंदाच्या ओलाव्याने पसरते, म्हणून छापलेली पानं निदान काही तास वाळू द्यावीत. लेझर प्रिंटला पाण्याची भीती नाही, पण तिथे टोनरचा थर घडीवर तडकतो. दोन्हीचे डाग वेगळे, त्यांची तयारीही वेगळी.

उभं राहत नाही

मोठं डोकं, इवलेसे पाय ही गोंडस पात्रांची ठेवणच आहे आणि तीच त्यांना पाडते. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा दोन्ही पावलांच्या मधल्या क्षेत्रात पडली पाहिजे. केस मागे झुकलेले असतील, पाठीवर मोठी तलवार असेल, तर ती मागे जाते. तळवे बंद करण्याआधी आत नाणी किंवा मातीचा गोळा पक्का बसवा. घोट्यापासून धडापर्यंत बांबूची काडी घातली तर गुडघे दमट हवेतही वाकत नाहीत. डोक्यात मात्र कापूस-कागद कोंबू नका, वजन वर जातं.

साचा दुप्पट मोठा करायचा मोह झाला तर हिशेब आधी करावा. 20 सेमीचं पात्र 40 सेमी केलं की कागद चौपट लागतो, पण जाडी तीच राहिली तर मोठे पृष्ठभाग लुळे पडतात. तेव्हा जास्त जीएसएमचा कागद घ्या, किंवा आत पुठ्ठ्याचे आडवे पडदे बसवा.

स्वतः डिझाइन करताना

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेममधलं किंवा ॲनिमेशनमधलं त्रिमितीय मॉडेल जसंच्या तसं उलगडायला, म्हणजे सपाट कागदी तुकड्यांत मांडायला घेणं. त्यात हजारो पृष्ठं, म्हणजे छोटे सपाट पैलू, असतात. पेपाकुरा डिझायनर हे उलगडण्याचं सॉफ्टवेअर किंवा ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधलं कागदी मॉडेलचं ॲड-ऑन ते निमूटपणे उलगडून देईल. नखाएवढे त्रिकोण कापून चिकटवायचे आहेत तुम्हाला. संपूर्ण पात्र काही शे पृष्ठांत बसवा. छापील मापात 5 मिमीहून लहान कड दिसली की ती शेजारच्या पृष्ठात विलीन करा. डोळा, बटण, कपाळावरची खूण हे घडवू नका, छापा.

चौकोनी पृष्ठांवर विशेष लक्ष ठेवा. त्रिमितीय मॉडेलमधल्या चौकोनाचे चारही कोपरे एका पातळीत असतीलच असं नाही. स्क्रीन ते चालवून घेते, कागद घेत नाही. उलगडताना असा चौकोन किंचित विकृत होतो आणि ती विकृती गोळा होत होत शेवटच्या जोडावर फट म्हणून निघते. गाल, खांदे, झग्याचा घोळ अशा ठिकाणी चौकोनाचे दोन त्रिकोण करून टाका. कर्ण कुठल्या दिशेने टाकला यावर गाल फुगीर दिसेल की खपाटीचा, हेही ठरतं, तेव्हा ते काम सॉफ्टवेअरवर सोडू नये.

गोल डोकं ही तर जुनीच अडचण. संत्र्याची साल न फाडता सपाट करता येत नाही, तसाच कागद न चुरगाळता गोळा होत नाही. गाउसने 1827 मध्ये मांडलेल्या प्रमेयातूनच हे निघतं: कागद ताणला जात नसल्याने तो एका वेळी एकाच दिशेने वळू शकतो. दंडगोल आणि शंकू चालतात, गोल नाही. म्हणून गोलाच्या पाकळ्या करतात. 10 सेमी व्यासाच्या डोक्याला 8 पाकळ्या केल्या तर विषुववृत्तावर प्रत्येक पाकळीचा मध्य खऱ्या गोलापेक्षा जवळजवळ 4 मिमी आत बसतो. 12 केल्या तर 1.7 मिमी. पाकळ्या वाढवाव्यात तर जोड वाढतात, आणि चेहऱ्यावरून उभ्या शिवणी जाऊ लागतात. मला विचाराल तर चेहऱ्याला गोल करायचा अट्टहास सोडावा. कपाळ-गाल-हनुवटी हा एकच अखंड, हलका वळलेला तुकडा ठेवावा आणि पाकळ्या केसांखाली, मागे ढकलाव्यात.

शिवणींचं हे तत्त्व सगळीकडेच लागू पडतं. सॉफ्टवेअरने आपोआप उलगडलेला साचा कमीत कमी तुकडे शोधतो, त्याला नाक आणि टाच सारखीच. शिवण रंग बदलतो तिथे, काखेत, कंबरपट्ट्याखाली, कॉलरच्या कडेला न्या. एका तुकड्यात जितकं जास्त बसेल तितकं चांगलं, हाही भ्रमच. फांद्या फुटलेला भलामोठा तुकडा चिकटवताना स्वतःलाच अडतो. चिकटवायच्या पट्ट्या 5 ते 8 मिमी रुंद ठेवा आणि टोकं तिरकी कापा, नाहीतर टोकदार कोपऱ्यात त्या एकमेकींवर चढतात.

पात्र ओळखू येत नाही, ही तक्रार तपशील वाढवून सुटत नाही. ते पूर्ण काळं करून फक्त बाह्याकृती पाहा. त्यातून ओळख पटत नसेल तर रंग आणि ठिपके काही करणार नाहीत. केसांची टोकं, कानांची लांबी, टोपीचा कोन यांत थोडी अतिशयोक्ती करावी लागते. बोटं पाच सुटी करण्यापेक्षा अंगठा वेगळा आणि बाकीची एकत्र घ्या. तलवार, पंख, झग्याची कड पोकळ करण्याऐवजी दोन थर पाठीला पाठ लावून सपाट ठेवलेली चांगली.

रंगीत प्रिंटच्या आधी साध्या कागदावर एक पांढरं मॉडेल जरूर बनवा, निदान डोक्याचं. कुठे बोट पोचत नाही, कुठल्या पट्टीचा क्रमांक चुकलाय, हे फक्त तिथेच कळतं.

हक्कांबद्दल थोडक्यात: प्रसिद्ध पात्रांचं रूप सहसा कुणाच्या तरी मालकीचं असतं, त्यामुळे विक्रीचा विचार असेल तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवा. दुसऱ्याचं टेम्प्लेट पुढे देताना त्याच्या अटी पाहा आणि त्याचं नाव काढू नका.

तरीही बिघडलंच तर

गोंद ओला असेल तोवर तुकडा सोडवता येतो, वाळल्यावर ओढू नका, कागदाचा वरचा थर सोलून निघतो. त्यापेक्षा तेवढंच पान पुन्हा छापा आणि खराब भाग शिवणीलगत कापून बदला. बारीक फट राहिली तर मानेच्या भोकातून आत जुळत्या रंगाच्या कागदाची पट्टी चिकटवा, बाहेरून गोंद भरू नका, तो चमकतो. नाक किंवा गाल आत दबला असेल तर टोक गोल वळवलेली तार आत घालून हळूच बाहेर ढकला आणि त्याच जागी आतून गोंदाचा एक पातळ हात द्या, वाळल्यावर तो भाग कडक होतो. पारदर्शक स्प्रे मारायचा असेल तर आधी उरलेल्या छापील कागदावर मारून बघा. शाई पसरली नाही तरच मॉडेलवर, दुरून, पातळ थरांत.