येऊ घातलेल्या कन्सोलचा कंट्रोलर: लीक झालेली माहिती कशी पारखावी

नवा कन्सोल जाहीर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीपासूनच त्याच्या कंट्रोलरबद्दल बातम्या फिरू लागतात. प्लेस्टेशनच्या पुढच्या पिढीचंच बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या कन्सोलची रचना करणारे मार्क सर्नी चिप बनवणाऱ्या एएमडीसोबतच्या एका चित्रफितीत पुढच्या कन्सोलच्या ग्राफिक्स तंत्रज्ञानाबद्दल बोलले आणि तो काही वर्षांत येईल असं म्हणाले. कंट्रोलरचा विषय तिथे नव्हताच. तरी त्याची बटणं, स्टिक, बॅटरी यांबद्दल छातीठोक दावे सुरू आहेत.

यातलं काय मानायचं, हे ठरवायला एक कसोटी पुरते. बातमीमागे कागद आहे का, आणि असला तर तो तयार होईपर्यंत कंपनीने किती पैसा ओतला होता? पेटंट म्हणजे एखाद्या अभियंत्याची कल्पना आणि वकिलाची फी. रेडिओ प्रमाणपत्रासाठी (वायरलेस उपकरणाच्या सरकारी मंजुरीसाठी) मात्र जवळजवळ तयार वस्तू प्रयोगशाळेत ठेवावी लागते. कागद कारखान्याच्या जितका जवळचा, तितका वजनदार.

पेटंटपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका

पेटंटचा अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे आज हाती आलेलं चित्र दीड वर्ष जुनं असतं. तेवढ्या काळात ती कल्पना बाद झाली असेल किंवा उत्पादनात उतरली असेल. पेटंटवरून ते कळत नाही. पेटंट उघडलं की चित्रांवरून थेट दाव्यांच्या भागाकडे जा. चित्र फक्त एक उदाहरण असतं, कायदेशीर हक्क दाव्यांत लिहिलेला असतो. पहिल्या दाव्यात अगदी नेमकी यंत्ररचना असेल (कुठला सेन्सर, कुठल्या बाजूला, काय मोजतो), तर पुढे वाचा. नुसतं ‘माहिती प्रक्रिया करणारी प्रणाली’ असं मोघम असेल, तर त्यावर कंट्रोलरचा अंदाज बांधू नका.

चित्रावर विसंबल्याचा सगळ्यात मोठा फटका २०१६ मध्ये बसला. निन्टेन्डोच्या एका अर्जात लंबगोल कंट्रोलर होता. त्याचा जवळपास सगळा दर्शनी भाग स्क्रीनचा आणि त्यातून वर आलेल्या दोन स्टिक. मार्च २०१६ मध्ये हुबेहूब तशा वस्तूचे फोटो पसरले, तेव्हा पेटंट खरं म्हणून फोटोही खरे मानले गेले. मग ते बनवणाऱ्यांनीच ते कसे बनवले हे दाखवलं. एकाने तर वस्तू थ्रीडी प्रिंट केली होती. २० ऑक्टोबर २०१६ ला समोर आला तो स्विच हा कन्सोल, बाजूला काढता येणाऱ्या ‘जॉय-कॉन’ कंट्रोलरसह. खऱ्या पेटंटवरून बनावट फोटो बनवणं सोपं असतं, म्हणून पेटंट आणि फोटो जुळणं हा स्वतंत्र पुरावा धरू नका.

रेडिओ प्रमाणपत्र कसं वाचावं

वायरलेस कंट्रोलर अमेरिकेत विकायचा तर तिथल्या दूरसंचार नियामकाची, म्हणजे एफसीसीची मंजुरी लागते, आणि तिची नोंद कुणालाही पाहता येते. एफसीसीच्या संकेतस्थळावर ‘एफसीसी आयडी सर्च’ उघडा. पहिल्या चौकटीत कंपनीचा कोड टाका: निन्टेन्डोसाठी बीकेई, सोनी इंटरॅक्टिव्हसाठी एके८, मायक्रोसॉफ्टसाठी सी३के. दुसरी चौकट रिकामी ठेवा आणि तारखांची मर्यादा अलीकडची द्या.

फोटो आणि माहितीपुस्तिका बहुधा दिसणार नाहीत. कंपन्या त्यांवर अल्पकालीन गोपनीयता मागतात आणि ती १८० दिवसांपर्यंत मिळते. सर्किटचे नकाशे कायमचे झाकलेले असतात. पण चाचणी अहवाल उघडा असतो, आणि कामाचं सगळं त्यातच सापडतं.

आधी उपकरणाचा वर्ग बघा. डीएसएस म्हणजे वारंवारिता बदलत जाणारं, म्हणजे नेहमीचं ब्लूटूथ. डीटीएस २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये असेल तर ते बहुतेक ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ. एनआयआय असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरलाय. तो कन्सोलमध्ये अपेक्षित असतो, कंट्रोलरमध्ये दिसला तर नेहमीपेक्षा वेगळं काही आहे. डीएक्सएक्स आणि १३.५६ मेगाहर्ट्झ ही जोडी म्हणजे एनएफसी, वस्तू जवळ नेताच तिच्यातली चिप वाचणारं तंत्र. स्विच २ बाजारात आला ५ जून २०२५ ला, पण उजव्या जॉय-कॉनमध्ये एनएफसी राहणार, म्हणजे अमीबो (निन्टेन्डोच्या चिप बसवलेल्या बाहुल्या) चालणार, हे त्याच वर्षाच्या सुरुवातीला याच आकड्यावरून कळलं होतं. ११० ते २०५ किलोहर्ट्झची नोंद असेल तर वायरलेस चार्जिंगची शक्यता धरा.

मग ‘चाचणीसाठी दिलेला विद्युतपुरवठा’ ही ओळ शोधा. बॅटरीचे व्होल्ट आणि चार्जिंगचे व्होल्ट तिथे असतात. शेवटी लेबलचा आराखडा. त्यात लेबल कुठे चिकटेल हे दाखवायला उपकरणाच्या मागच्या बाजूची बाह्यरेषा काढलेली असते, आणि फोटो झाकलेले असतानाही हा कागद अनेकदा उघडा राहतो.

दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. जुन्या मॉडेलमध्ये एखादा सुटा भाग बदलला तरी नवी नोंद होते, म्हणून नोंद दिसली की नवा कन्सोल आला असं होत नाही. उलट, आधीच मंजूर झालेलं रेडिओ मॉड्यूल बसवलं तर ते मॉड्यूल बनवणाऱ्याच्या कोडखाली असतं आणि कन्सोल कंपनीच्या यादीत काहीच सापडत नाही.

माहिती देणाऱ्याच्या हाताला काय लागलं असेल?

कव्हर, केस, चार्जिंग स्टँड बनवणाऱ्यांकडून आलेली माहिती बाहेरच्या आकाराबाबत बरीच खरी ठरते, कारण साचा बनवायला त्यांना मापं लागतात. स्विच २ चे जॉय-कॉन चुंबकाने चिकटणार ही बातमी एप्रिल २०२४ मध्ये याच वाटेने आली आणि १६ जानेवारी २०२५ च्या अधिकृत झलकेनंतर ती खरी ठरली. त्याच काळात स्टिक हॉल इफेक्टच्या, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या असणार हेही तितक्याच खात्रीने सांगितलं जात होतं. ते खोटं निघालं. केस बनवणाऱ्याला स्टिकची उंची कळते, तिच्याखालचा सेन्सर कळत नाही. म्हणून एकाच स्रोताच्या दोन दाव्यांना एकच वजन देऊ नका. दावा बाहेरचा की आतला, हे आधी वेगळं करा.

स्टिकखालच्या सेन्सरचा हा फरक खरेदीदाराच्या दृष्टीने मोठा आहे. नेहमीच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचा स्पर्शक घासतो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर कण साचले की हात न लावताही पात्र चालायला लागतं, तोच ड्रिफ्ट. हॉल इफेक्ट आणि टीएमआर स्टिक चुंबकीय क्षेत्र मोजतात, त्यामुळे मोजणारा भाग घासला जात नाही. मात्र स्प्रिंग आणि सांधे त्यांच्यातही झिजतात. ‘कधीच बिघडणार नाही’ असा दावा दिसला की तो जाहिरातीतलाच समजा.

फोटोवर पट्टी लावा

फोटोत टाइप-सी पोर्ट दिसत असेल तर मोजमाप हाती आलंच. त्या पोर्टच्या तोंडाची रुंदी प्रमाणानुसार सुमारे ८.३४ मिमी असते. फोटो मोठा करून पोर्टची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. समजा ५० पिक्सेल आली. म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे ६ पिक्सेल. कंट्रोलरची रुंदी ९६० पिक्सेल भरली तर तो १६० मिमी, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरइतका. हिशोब ९० मिमी किंवा २२० मिमी दाखवू लागला तर फोटो संशयास्पद. पोर्ट आणि मोजायची कड कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवी. तिरप्या फोटोत हे गणित फसतं.

नंतर खालच्या बाजूचा छापील मजकूर वाचा. एफसीसी आयडीची सुरुवात त्या कंपनीच्या कोडने होते का? संगणकाने बनवलेल्या चित्रांत ही बारीक अक्षरं हमखास बिघडतात. प्लास्टिकचे दोन भाग जुळतात तिथली रेषा सलग आहे का, स्क्रूची भोकं दोन्ही मुठींवर सारख्या जागी आहेत का, हेही बघा. फोटो टाकून केलेल्या उलट शोधात तोच फोटो जुन्या तारखेला सापडला तर विषय संपला.

बॅटरीचं गणित

दाव्यांना सगळ्यात लवकर उघडं पाडतं ते हे गणित, आणि ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. बॅटरीची क्षमता भागिले तास म्हणजे सरासरी विद्युतप्रवाह. पहिल्या जॉय-कॉनची बॅटरी ५२५ मिलीअँपिअर-तास आणि निन्टेन्डोने सांगितलेला वेळ सुमारे २० तास, म्हणजे २६ मिलीअँपिअर. स्विचचा प्रो कंट्रोलर १३०० आणि ४० तास, म्हणजे ३२ च्या आसपास. ड्युअलसेन्सची बॅटरी १५६० ची, तरी ती गेमनुसार ६ ते १२ तासच टिकते. म्हणजे तो १३० ते २६० मिलीअँपिअर खातो. कारण त्यात कंप देणाऱ्या व्हॉइस कॉइल मोटर आहेत, ट्रिगरला अडवणाऱ्या वेगळ्या मोटर आहेत, स्पीकर आहे, दिवे आहेत.

आता कुणी म्हणालं की नव्या कंट्रोलरमध्ये हे सगळं असेल आणि तो ४० तास चालेल, तर उलटा हिशोब करा. १३० मिलीअँपिअर गुणिले ४० म्हणजे ५२०० मिलीअँपिअर-तास. एवढी बॅटरी मोठ्या फोनमध्ये असते. कंट्रोलरच्या मुठीत ती बसवली तर वजन लगेच जाणवेल. दावा खरा असेल तर मोटर बदलल्या असल्या पाहिजेत किंवा काढल्या असल्या पाहिजेत, आणि त्याचा उल्लेख बातमीत नसेल तर बातमी अर्धवट आहे.

प्रतिसादाच्या वेगाचंही तसंच. ब्लूटूथ लो एनर्जीत दोन संदेशांमधलं किमान अंतर बराच काळ ७.५ मिलिसेकंद होतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम १३३ वेळा. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीत ते बरंच खाली आणण्याची सोय झाली. त्यामुळे लो एनर्जीवर १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १००० वेळांचा दावा असेल तर आवृत्ती विचारा, आणि ती ६.२ असली तरी ही सोय ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवा. स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा दुवा वापरणाऱ्यांना ही मर्यादा लागू नाही.

खरा कागद, बदललेली योजना

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून मायक्रोसॉफ्टची अंतर्गत योजना बाहेर आली. ‘सेबिल’ या सांकेतिक नावाचा कंट्रोलर, सुधारित कंप, उचलताच जागा होण्यासाठी अ‍ॅक्सिलरोमीटर, किंमत ६९.९९ डॉलर, वेळ मे २०२४. कागद शंभर टक्के खरा होता. मे २०२४ मध्ये कंट्रोलर आला नाही. त्याच कागदांतला डिस्क नसलेला, दंडगोलाकार एक्सबॉक्स सीरीज एक्सही आला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्क नसलेला सीरीज एक्स आला तो जुन्याच चौकोनी खोक्यात. अंतर्गत सादरीकरण म्हणजे त्या दिवशीचा बेत, आणि त्याचं वजन पेटंटपेक्षा जास्त, प्रमाणपत्रापेक्षा कमी.

गेमची यादी

गेमबाबत ट्रेडमार्ककडे फारसं लक्ष देऊ नका. नाव राखून ठेवायलाही अर्ज होतो आणि जुन्या नावाचं नूतनीकरणही होतं. वयोगट ठरवणाऱ्या संस्थांची नोंद मोलाची. अमेरिकेची ईएसआरबी, युरोपची पेगी, कोरिया, तैवान, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांच्या यादीत गेम नव्या कन्सोलच्या नावासह आला, तर आशय जवळजवळ पूर्ण झालाय असं समजायला हरकत नाही.

दुकानांच्या आणि सर्व्हरच्या याद्या मिश्र असतात. सप्टेंबर २०२१ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या इंटरनेटवरून गेम खेळवणाऱ्या सेवेतून मोठी यादी फुटली. त्यातले काही गेम पुढे खरेच आले, पण यादीत नुसते अंदाजाने टाकलेले गेमही होते, असं एनव्हिडियानेच सांगितलं. आणि पहिल्या दिवशी मिळणाऱ्या गेमवर तर कंपनीच्या शब्दावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. हेलो इन्फिनिट एक्सबॉक्स सीरीज एक्ससोबत येणार होता. कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये आला, गेम डिसेंबर २०२१ मध्ये. ठरावीक एका गेमसाठी कन्सोल घेणार असाल तर त्या गेमच्या तारखेपर्यंत थांबा.

भारतातली नोंद आणि जुना कंट्रोलर

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून ईटीए ही मंजुरी लागते, आणि व्हिडिओ गेमची उपकरणं भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणीत येतात. वस्तूवर ‘आर’ आणि आठ अंकी क्रमांक असतो तो हाच. नाव इथे दिसलं तर अधिकृत विक्रीची तयारी सुरू आहे. उशीर मात्र गृहीत धरा: प्लेस्टेशन ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० ला मिळू लागला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. निन्टेन्डो इथे स्विच अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे त्यांचं नाव या यादीत नसण्याला काही अर्थ नाही.

आज जादा कंट्रोलर घ्यावा का, हा प्रश्न उरतो. मागचे अनुभव कंपनीगणिक वेगळे आहेत. एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर सीरीज एक्सवर सरळ चालतात. पीएस४ चा कंट्रोलर ड्युअलशॉक ४ प्लेस्टेशन ५ वर जोडता येतो, पण त्याने पीएस४ चेच गेम खेळता येतात. पीएस५ च्या गेमला ड्युअलसेन्स लागतो. जुने जॉय-कॉन स्विच २ ला वायरलेस जोडले जातात, पण बाजूला चिकटत नाहीत आणि माऊससारखे वापरता येत नाहीत. म्हणून एक्सबॉक्सवर दुसरा कंट्रोलर आत्ता घेतला तरी चालेल. प्लेस्टेशनवर मात्र सध्याचा कंट्रोलर पुढच्या पिढीचे गेम चालवेल असं सोनीने स्वतः लिहून देईपर्यंत, आज जेवढी गरज आहे तेवढेच घ्या.