हाय-स्पीड काउंटर: ब्लॉक शोधण्याआधी कागद घ्या

पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर) शिकणारी मंडळी वेगाने येणारे पल्स मोजणाऱ्या हाय-स्पीड इनपुटपाशी आली की थेट काउंटरचा ब्लॉक शोधू लागतात. माझ्या हाताखाली कुणी नवीन आलं की मी आधी हिशेब मांडायला लावतो. एनकोडर (शाफ्ट फिरला की पल्स देणारा सेन्सर) फेऱ्याला 1024 पल्सचा, मोटर 1500 आरपीएम. म्हणजे सेकंदाला 25 फेरे आणि 25,600 पल्स. एक पल्स साधारण 39 मायक्रोसेकंदांचा, त्यातला निम्माच वेळ इनपुट ऑन. तुमचा स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी, 10 मिलिसेकंदांचा असेल तर एका स्कॅनमध्ये 256 पल्स निघून जातात. लॅडर प्रोग्राममधल्या साध्या काउंटरला त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणून सीपीयूमधला, स्कॅनची वाट न बघता मोजणारा हार्डवेअर काउंटर वापरायचा.

तो चालू केला तरी काम संपत नाही. सीमेन्सच्या एस7-1200 मध्ये डिजिटल इनपुटचा फिल्टर (ठरलेल्या वेळेपेक्षा छोटे पल्स गाळणारा) मुळात 6.4 मिलिसेकंदांवर असतो, त्यातून जेमतेम 78 हर्ट्झपर्यंतचे पल्स आत येतात. लक्षण ओळखण्यासारखं आहे: शाफ्ट हाताने हळू फिरवला की आकडा व्यवस्थित पुढे सरकतो, मोटर सुरू केली की जागीच थांबतो. लोक एनकोडर बदलायला धावतात! वरच्या उदाहरणात फिल्टर 10 मायक्रोसेकंदांवर आणा, आणि एनकोडरच्या ए व बी या दोन्ही सिग्नलांच्या इनपुटांना आणा. प्रत्येकाचं सेटिंग वेगळं असतं. मग हार्डवेअर कॉन्फिगरेशन पुन्हा डाउनलोड करा, नुसता प्रोग्राम पाठवून हे बदलत नाही.

फिल्टर गरजेपेक्षा खाली मात्र नेऊ नका, नाहीतर विजेचा गोंगाटही पल्स म्हणून मोजला जातो. मोटर उभी असताना शेजारचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) सुरू झाला आणि काउंट आपोआप वाढू लागला, तर शील्ड (केबलचं धातूचं आवरण) आणि केबलचा मार्ग बघा. एनकोडर 5 व्होल्ट लाइन ड्रायव्हरचा, म्हणजे 5 व्होल्टचा सिग्नल देणारा, असेल तर 24 व्होल्टच्या इनपुटला तो सरळ जोडून चालणार नाही. ऑर्डर देण्याआधीच हे पाहावं.

ठरावीक काउंटला कटर मारायचा असेल तर तुलना मुख्य प्रोग्राममध्ये ठेवू नका. 256 पल्स म्हणजे शाफ्टचा पाव फेरा, तेवढा उशीर होऊ शकतो. काउंटरच्या हार्डवेअर इंटरप्टमधून (मुख्य प्रोग्राम थांबवून लगेच चालणारा भाग) आउटपुट द्या, तोही तात्काळ लिहिला जाईल असा. नाहीतर तो इमेजमध्येच (मेमरीतली आउटपुटांची नक्कल) स्कॅन संपेपर्यंत पडून राहतो.

आउटपुटचं त्या मानाने सोपं. पल्स द्यायचे तर ट्रान्झिस्टर आउटपुटचा सीपीयू घ्या. रिले त्या वेगाला टिकत नाही. स्टेपर मोटरला फेऱ्याला 2000 पल्स लागत असतील आणि 600 आरपीएम हवे असतील तर 20 किलोहर्ट्झ झाले. ही मर्यादा त्या विशिष्ट आउटपुटची तपासा, सगळे आउटपुट सारखे नसतात. आणि पल्ससाठी नेमलेला आउटपुट फोर्स करून (सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने ऑन करून) ड्राइव्ह तपासायला जाऊ नका. तो फोर्स होत नाही, वायरिंगवर मात्र उगाच संशय येतो.