आर्रोबा म्हणजे पाव: मुलांना मोबाइल-संगणकाचं स्पॅनिश शिकवताना

दर शनिवारी दुपारी साडेतीनला आमच्या कर्वेनगरच्या घरी सात मुलं स्पॅनिश शिकायला येतात. सगळ्यात धाकटी आठ वर्षांची, मोठा बारा पूर्ण केलेला. पहिल्या वर्षी मी नेहमीसारखीच सुरुवात केली होती: फळं, रंग, प्राणी, वार. मुलं आवडीने म्हणायची, पण घरी गेल्यावर त्या शब्दांना काही कामच नसायचं. मोबाइल, टीव्ही, टॅब मात्र सारखे समोर. म्हणून मी चाळीस शब्दांचा एक तक्ता केला, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे स्पॅनिश. पंधरा दिवसांनी विचारलं तर मुलांना त्यातले सहा-सात आठवत होते, आणि तेही इंग्रजीसारखे वाटणारे.

तेव्हापासून या विषयापुरती मी इंग्रजी मधून काढून टाकली. स्पॅनिश माणसाने संगणकाच्या दुनियेतल्या कितीतरी गोष्टींना घरातले, समुद्रावरचे, बाजारातले जुनेच शब्द दिले आहेत. मराठी मुलाच्या हातात तो जुना अर्थ आधी ठेवला की पडद्यावरचा अर्थ त्याचा तोच लावतो. घरी शिकवणाऱ्या आईबाबांनाही हे जमेल, त्यासाठी उत्तम स्पॅनिश येण्याची गरज नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट ठरवा: कोणत्या देशाचं स्पॅनिश? फळांच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे चालून जातं, यंत्रांच्या बाबतीत पहिल्याच शब्दाला फाटे फुटतात. संगणकाला स्पेनमध्ये ओर्देनादोर म्हणतात, मेक्सिकोत कोंपुतादोरा, कोलंबिया आणि चिलीत कोंपुतादोर. मोबाइल स्पेनमध्ये मोबिल, अटलांटिकपलीकडे सेलुलार. माऊसला स्पेनमध्ये चक्क रातोन, म्हणजे उंदीर म्हणतात. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी माऊसच. टीव्हीचा रिमोट स्पेनमध्ये मांदो, तिकडे कोंत्रोल रेमोतो. वायफायला स्पेनमध्ये ‘विफी’ म्हणतात, हे मुलांना फार आवडतं. मी स्पेनचे शब्द शिकवते, कारण मी तेच शिकले. तुमच्या मुलाचे मामा मेक्सिकोत असतील तर मेक्सिकोचे घ्या. पण एकच धरा आणि वर्षभर तोच ठेवा. दुसरा शब्द कानावर आला की ‘तिकडे असं म्हणतात’ एवढं सांगून पुढे जायचं.

उच्चाराची बाजू मराठी मुलांना सोपी जाते, फक्त शाळेतल्या इंग्रजीची सवय मोडावी लागते. इंग्रजीतला ‘ट’ आणि ‘ड’ विसरायला सांगा. तेक्लादो, म्हणजे कीबोर्ड, यातला त आणि द आपल्या ‘तवा’ आणि ‘दही’मधलेच आहेत. व्ही असं लिहिलेलं अक्षर ब होतं, म्हणून व्हिडिओ ‘बिदेओ’ होतो. स्पेनमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, लॅटिन अमेरिकेत मधल्या ‘दे’वर. एच कधीच ऐकू येत नाही. त्यामुळे स्पॅनिश मुलं चॅटवर हसताना आपल्यासारखं एच लिहीत नाहीत, ते त्यांना ‘आ आ आ’ असं वाचावं लागेल. ती ‘जे’ हे अक्षर लिहितात, कारण त्यांचा जे घशातून येणाऱ्या ख-ह सारखा असतो. हे कळलं त्या दिवशी माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या वहीच्या मागच्या पानावर जे-ए-जे-ए असं ओळभर हसून ठेवलं होतं.

आता शब्द. एका बैठकीला पाच, त्याहून जास्त नाही.

मी पहिला शब्द घेते तो रेद. कांदे-बटाटे आणतो ती जाळीची पिशवी टेबलावर ठेवते आणि म्हणते, ही रेद. मासे धरायचं जाळंही रेद. मग विचारते, आपण इंटरनेटला मराठीत काय म्हणतो? कुणीतरी आंतरजाल म्हणतं, कुणी महाजाल. बस, पुढचं सांगावंच लागत नाही. इंटरनेट म्हणजे ला रेद, आणि समाजमाध्यमं म्हणजे रेदेस सोसियालेस. या जाळ्यातून फिरायचं कसं? नाबेगार, म्हणजे जहाज हाकत जाणं. ब्राउझर तो नाबेगादोर. इथे मी फळ्यावर ‘नौका’ आणि ‘नाविक’ लिहिते. लॅटिनमधला जहाजाचा शब्द आणि संस्कृतमधला ‘नौ’ ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडं आहेत. सहावीतल्या एका मुलीने हे ऐकल्यावर वहीत ब्राउझरच्या चौकटीला शीड काढलं होतं, आणि तो शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही.

दुसऱ्या बैठकीला परवलीचा शब्द. पासवर्डला स्पॅनिशमध्ये कोंत्रासेन्या म्हणतात. सेन्या म्हणजे खूण, कोंत्रासेन्या म्हणजे त्या खुणेला द्यायची उलट खूण. पहारेकऱ्यांचा हा शब्द. मराठीतही ‘परवलीचा शब्द’ आला तो पहाऱ्यावरूनच. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं. दाराला किल्ल्याचा दरवाजा करा, एकाला पहारेकरी. तो ‘कोंत्रासेन्या?’ असं विचारेल, बाहेरच्याने ठरलेला स्पॅनिश शब्द सांगायचा, चुकला तर आत प्रवेश नाही. दर शनिवारी शब्द बदलायचा. आणि खेळतानाच सांगून टाकायचं की पहारेकऱ्याशिवाय हा शब्द कुणाला सांगायचा नसतो, जिवलग मैत्रिणीलाही नाही.

माझा सगळ्यात आवडता शब्द आर्रोबा. ईमेलच्या पत्त्यातलं @ हे चिन्ह. स्पेनमध्ये शेकडो वर्षं आर्रोबा हे धान्य-तेल मोजायचं वजन होतं, साधारण साडेअकरा किलोचं, आणि व्यापारी ते याच चिन्हाने लिहीत. शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ चौथा हिस्सा. आर्रोबा म्हणजे क्विंटलचा पाव भाग. आपल्या पावशेरातला पाव तोच! जुना कास्तिलियन, म्हणजे स्पेनमधला, क्विंटल आपल्या शंभर किलोच्या क्विंटलच्या निम्म्याहूनही कमी असे, एवढं मोठ्या मुलांना सांगा, नाहीतर ती भागाकार करून तुम्हाला अडवतील. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने नाव आणि संगणक यांच्यामध्ये ठेवायला हे चिन्ह निवडलं, तेव्हा स्पॅनिश लोकांकडे त्याचं नाव आधीपासून तयार होतं. यासाठी किराणा दुकानातून आणलेली दहा किलोची तांदळाची पिशवी मुलांना आळीपाळीने उचलू द्या. आर्रोबा याहून थोडी जड.

पाठोपाठ # शिकवा. स्पेनमध्ये ती आल्मोआदिया, म्हणजे छोटी उशी. मेक्सिकोत गातो, म्हणजे मांजर, कारण फुली-गोळ्याच्या खेळाला तिथे गातो म्हणतात आणि त्याची चौकट अशीच दिसते. इथे मात्र मी माझाच नियम मोडून दोन्ही शिकवते.

क्रियापदं मी जोड्यांनी देते. सुबिर म्हणजे चढणं, चढवणं. जिना चढतानाही सुबिर, फोटो अपलोड करतानाही सुबिर. बाखार म्हणजे उतरणं, फाइल उतरवून घेणंही तेच. मुलांना खरंच जिन्यावर नेऊन म्हणवून घ्या. कार्गार म्हणजे लादणं: ट्रकमध्ये माल भरणं, मोबाइल चार्ज करणं आणि पान उघडताना गोल फिरत राहणं, तिन्हीला एकच शब्द. चार्जर म्हणून कार्गादोर. बोर्रार म्हणजे पुसणं, आणि बोर्रादोर म्हणजे फळ्याचं डस्टर. ईमेलचा कच्चा मसुदाही बोर्रादोर. आपागार म्हणजे विझवणं, मेणबत्ती असो की टीव्ही. ग्वार्दार म्हणजे जपून ठेवणं. संगणक हँग झाला की स्पेनमध्ये कोल्गार हे क्रियापद वापरतात, आणि त्याचा मूळ अर्थ टांगणं असाच आहे. ढग तो नुबे, आकाशातला आणि फोटो साठवायचाही. लिंक म्हणजे एनलासे. स्पेनमध्ये या ‘से’चा उच्चार जीभ दातात धरून करतात, लहान मुलांना तिथे अडकवू नका.

मांदो शिकवताना मात्र मी थोडी थांबते. स्पेनच्या लेओनार्दो तोर्रेस केवेदो या अभियंत्याने १९०३ मध्ये तेलेकिनो नावाचं यंत्र जगापुढे आणलं, बिनतारी लहरींनी दुरून वस्तू चालवणारं. १९०६ मध्ये बिल्बाओच्या बंदरात राजा आल्फोन्सो तेरावा याच्यासमोर त्याने किनाऱ्यावरून एक नाव चालवून दाखवली. याच माणसाने १९१२ मध्ये राजा-हत्तीचा शेवटचा डाव स्वतः खेळणारं बुद्धिबळाचं यंत्र केलं. बुद्धिबळ खेळणारं मूल वर्गात असेल तर त्या तासाला दुसरं काहीच होत नाही, आणि तसंच होऊ द्यावं.

लिंगाबद्दल घाबरू नका. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला शब्दाला लिंग का असतं इथपासून सुरुवात करावी लागते. आपली मुलं तो पासवर्ड, ती फाइल असं न शिकवता बोलतात. स्पॅनिशमध्ये तिनाऐवजी दोनच: एल आणि ला. फक्त जोड्या जुळत नाहीत. तो पासवर्ड, पण ला कोंत्रासेन्या. तो फोटो, पण ला फोतो. तो ढग, पण ला नुबे. मी एल निळ्या खडूने लिहिते आणि ला लाल खडूने, आणि शब्द एकटा कधीच सांगत नाही. विशेषणात आणखी एक खड्डा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक मराठी मूल पडतं. नवा म्हणजे नुएबो, नवी म्हणजे नुएबा. शब्द आपल्या ‘नव’चेच नातेवाईक, पण आपल्याकडे शेवटी ‘आ’ आला की पुल्लिंग, त्यांच्याकडे बहुतेक वेळा स्त्रीलिंग. म्हणून मुलं हमखास ‘मोबिल नुएबा’ म्हणतात. रागावू नका. ‘आपला आ त्यांच्याकडे जाऊन ताई होतो’ असं मी सांगते, आणि महिन्याभरात चूक जाते.

एन्ये या अक्षराला एक पूर्ण बैठक द्या. एनच्या डोक्यावर छोटी लाट असलेलं हे अक्षर स्पेनने भांडून राखलं. एन्ये नसलेले कीबोर्ड देशात विकू नयेत असा तिथे नियम होता; तो व्यापाराच्या आड येतो, काढून टाका, असं युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये म्हटलं. खूप वाद झाला, आणि १९९३ मध्ये स्पेनने संस्कृतीच्या आधारावर कायदा करून अक्षर कीबोर्डवर कायम ठेवलं. मराठीचा ळ ज्यांना प्रिय आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. मोबाइलवर एन दाबून धरला की एन्ये वर येते. हा कंटाळा मुलांना करू देऊ नका. आन्यो म्हणजे वर्ष. त्यातली लाट गेली तर शब्द गुदद्वाराचा होतो, आणि ‘तू किती वर्षांची?’ हा प्रश्न भलताच होऊन बसतो.

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाला खरोखर आला. ऑनलाइन खेळात समोरून कुणीतरी विचारलं, ‘कुआंतोस आन्योस तिएनेस?’ आणि लगेच, ‘दे दोंदे एरेस?’ कुठला तू? त्याला दोन्ही समजलं, म्हणून तो आनंदाने उत्तर द्यायला निघाला होता, शाळेच्या नावासकट. सुदैवाने आई शेजारी होती. त्या शनिवारपासून मी तीन गोष्टी सगळ्यांत आधी, रेदच्याही आधी शिकवते. देस्कोनोसिदो म्हणजे अनोळखी माणूस. ब्लोकेआर म्हणजे ब्लॉक करणं. आणि एक पूर्ण वाक्य, ‘एसो एस प्रिबादो’, ते माझं खासगी आहे. हे वाक्य मुलांनी ठाम आवाजात, मान वर करून म्हणायला हवं; मी स्वतः अनोळखी माणूस होते आणि प्रत्येकाला पाच-पाच वेळा विचारते. उत्तर दिलं की उठून मोठ्या माणसाकडे जायचं, हा खेळाचाच भाग ठेवा.

महिनाभराने, पंचवीसेक शब्द झाले की, घरातल्या जुन्या टॅबची भाषा एका रविवारपुरती स्पॅनिश करा. आजीचा फोन घेऊ नका, आणि बँकेचं ॲप असलेलाही नको. सगळीकडे दिसतील ते शब्द मुलाला आधी ओळखू द्या: बुस्कार म्हणजे शोधणं, एन्बियार म्हणजे पाठवणं, आसेप्तार आणि कान्सेलार. मुलाने वाचून सांगायचं, बोट तुम्ही लावायचं. संध्याकाळी भाषा परत बदलायचं काम त्याच्यावर सोपवा. त्यासाठी टॅबच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर दोनच शब्द: आखुस्तेस, म्हणजे सेटिंग्ज, आणि इदिओमा, म्हणजे भाषा. काही यंत्रांवर आखुस्तेसच्या जागी कोन्फिगुरासिओन असेल, तर आधी बघून तसं लिहा. इदिओमाच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, त्यामुळे वाट चुकलीच तर ‘मराठी’ हे नाव देवनागरीत शोधायचं.