धान्यातले टोके, ओट्यावरची झुरळं: घरगुती उपाय करताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर आम्ही गव्हाची कोठी उघडली. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "अगं, गहू तापलाय," म्हणाल्या. त्यांच्या हाताला चिकटून टोके वर आले होते. मे महिन्यात मी मोठ्या विश्वासानं घातलेला कडुलिंबाचा पाला काळा पडून दाण्यांना चिकटला होता, आणि कुबट वास स्वयंपाकघरभर पसरला.

चूक माझीच होती. पाला सकाळी तोडला, दोन तास सावलीत पसरला आणि दुपारी कोठीत घातला. वरून तो सुकल्यासारखा दिसत होता, पण देठात आणि शिरांत पाणी होतं. ते गव्हानं ओढून घेतलं. टोक्यांना दमट धान्यच लागतं, आणि कीड वाढली की धान्य आतून तापतं. पाला घालायचाच तर सावलीत चार-पाच दिवस, हातात चुरगळला की कुरकुर वाजेपर्यंत वाळवा. तोही सोबतीला म्हणून. धान्य टिकतं ते दाण्याच्या कोरडेपणामुळे. मूठभर गहू घेऊन एक दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर भरा, दबला तर अजून दोन उन्हं द्या.

वाळवल्यावर दुसरी चूक होते. संध्याकाळी वळवाचे ढग आले की आपण घाईनं तापलेलं धान्य तसंच कोठीत ओततो आणि झाकण लावतो. रात्री पत्रा गार झाला की आतली वाफ झाकणाला पाणी होऊन लागते आणि वरच्या थरावर गळते. धान्य घरात पसरून गार होऊ द्या, मग भरा. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, त्याची कणी होते.

आणि कोठी रिकामी करताना तळाशी राहिलेल्या त्या दोन मुठी! त्यांच्यावरच नवं धान्य ओतलं की जुनी कीड नव्या वर्षात जाते. कोठीचे सांधे ब्रशनं झाडा, पुसा, दिवसभर उन्हात पालथी ठेवा. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवल्याशिवाय वापरू नका.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या मातीत, जमिनीखाली खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. 2005 च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पेवाचं तोंड बंद केलं की आतला प्राणवायू कमी होत जातो आणि किडीला जगता येत नाही. पेव उघडल्यावर माणसानं लगेच आत उतरायचं नसे, तेही याचमुळे. घरच्या कोठीला हेच लागू आहे. काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि रोज उघडू नका. महिन्याभराचं धान्य वेगळ्या डब्यात काढून घ्या.

एरंडेलाबद्दलही गोंधळ असतो. हरभरा, मूग, मटकी, चवळी यांना लागणारा भुंगा दाण्याच्या वर अंडी चिकटवतो. किलोला लहान चमचाभर एरंडेल चोळलं की त्या थराखाली अंडी गुदमरतात. गव्हातला सोंडेवाला टोका दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतो आणि भोक बुजवतो, त्यामुळे तिथं तेलाचा भरवसा कमी आणि उन्हाचा जास्त. रव्याला जाळी लागत असेल तर आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, अंडीसुद्धा मरतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. खताच्या दुकानातून आणलेल्या, धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरातल्या कोठीत कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यांच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि झोपायच्या खोलीत कोठी असेल तर माणसं जातात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही घरगुती उपायांत मोजल्या जातात, पण त्या नॅफ्थॅलिनच्या असतात आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत नकोतच. काही मुलांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. कापूर निरुपद्रवी वाटतो, पण पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. पाण्यात कापूर घालून वाटी पलंगाखाली ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता झुरळं. तमालपत्र आणि काकडीच्या साली ड्रॉवरमध्ये ठेवल्या की झुरळं पळतात, असं सांगणाऱ्या उपायांचं मोबाईलवर पेव फुटलं आहे. मी दोन्ही करून पाहिलं. काकडीची साल झुरळांनी खाल्ली. झुरळ अन्नाशिवाय महिनाभर तग धरतं, पाण्याशिवाय आठ-पंधरा दिवस. म्हणजे पहिला उपाय रात्री बेसिन कोरडं पुसणं, ओला स्पंज आणि ओटा पुसायचं फडकं बाहेर वाळत घालणं. फ्रिजच्या मागं पाणी साठायचा ट्रे असतो, तो कोणी बघतच नाही. आमच्याकडे झुरळांचा पाणवठा तोच निघाला.

त्यानंतर बोरिक पावडर. कॅरमवर टाकतात त्यातलाच प्रकार. तीन चमचे कणीक, एक चमचा पिठीसाखर, एक चमचा बोरिक, थोडं दूध. वाटाण्याएवढ्या गोळ्या करून फ्रिजमागं, सिलिंडरच्या ट्रॉलीखाली, कपाटाच्या बिजागरीजवळ ठेवा. इथं लोक तीन चुका करतात. एक, गोळ्यांच्या शेजारीच फिनाईल किंवा स्प्रे मारतात, मग झुरळं तिकडं फिरकतच नाहीत. दोन, दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतात. हे विष सावकाश चढतं, फरक दिसायला आठ-पंधरा दिवस जातात. तीन, एकदाच करतात. लहान तपकिरी झुरळाची मादी 30-40 अंड्यांची पिशवी अंगाला लावून फिरते, तिच्यातली पिल्लं नंतर बाहेर येतात, म्हणून महिन्यानं गोळ्या पुन्हा ठेवाव्याच लागतात. मोठी लालसर झुरळं मोरीतून वर येतात. त्यांना जाळी आणि रात्री मोरीवर झाकण. बोरिकही विषच आहे. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर गोळ्या त्यांच्या तोंडाला लागतील अशा जागी नकोत, आणि उरलेली पावडर मैद्याशेजारी तर मुळीच नको.

मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढणं म्हणजे आपल्या चांगल्या राजापुरी हळदीची नासाडी. मुंग्या वळसा घालून जातात. त्या वासाच्या वाटेनं चालतात, म्हणून रांग साबणाच्या पाण्यानं पुसा आणि ती भिंतीत कुठं शिरते ते शोधून फट बुजवा. तरी येत असतील तर कपभर पाण्यात चार चमचे साखर आणि अर्धाच चमचा बोरिक. जोर वाढवला तर मुंगी वाटेतच मरते आणि विष वारुळातल्या राणीपर्यंत पोचत नाही.

डासांसाठी संध्याकाळी दारं लावून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतात. धूर फुप्फुसात आपल्याच जातो, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो. तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पिंप, फ्रिजचा ट्रे, कुंडीखालची ताटली रिकामी करा. नुसतं ओतणं ही चूक. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून काथ्यानं घासा. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडा.

पालींसाठी अंड्याची टरफलं टांगू नका, दिव्यावरचे किडे कमी झाले की पाली कमी होतात. ढेकणांसाठी गादीवर रॉकेल नको, आग लागेल. अंथरूण-चादरी कडक गरम पाण्यात धुवा आणि पलंगाच्या खाचांत वाफ द्या. वाळवीची दिसणारी माती खरवडून वर काही ओतलं तरी तिचं घर जमिनीखाली शाबूत असतं. तिथं माहितगार माणूस बोलवा.

शेवटची चूक पुराच्या गावात जास्त होते. 2019 चं पाणी ओसरल्यावर घरोघरी ब्लीचिंग पावडर आली, आणि मोरीतले किडे मारायला काहींनी त्यावर फरशीचं अ‍ॅसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर घातलं तरी तेच. असं चुकून झालं तर पाणी मारत बसू नका, दार-खिडक्या उघडून सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. मुलानं कापूर, बोरिक किंवा गोळी तोंडात घातली असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि ते पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेलंय ते लगेच कळेल.