चालण्यासाठी पैसे द्यायचे, तर ते असे द्या

मी एका कारखान्याच्या ऑफिसात प्रशासन सांभाळते. आमच्याकडची जनरल शिफ्टची माणसं सकाळी खुर्चीत बसली की डबा खायला उठतात, आणि पुन्हा बसतात ती बस येईपर्यंत. चाळिशीच्या आतच कुणाला शुगर, कुणाला बीपी. या माणसांना थोडं तरी चालतं करावं, असं मनापासून वाटत होतं. भिंतीवर पोस्टर लावून कुणी उठलं नाही. पैसे लावल्यावर उठले, पण पहिल्या खेपेला मी ते चुकीच्या रीतीने लावले.

तेव्हा मी महिन्यात सर्वांत जास्त पावलं चालणाऱ्या पहिल्या तिघांना बक्षीस ठेवलं होतं. पहिला नंबर आला आमच्या शिपायाचा. दिवसभर चार मजल्यांवर फायली पोचवणं हेच त्याचं काम. दुसरा नंबर रोज टेकडीवर जाणाऱ्या एका साहेबांचा. ज्यांच्यासाठी योजना काढली, ती बैठी मंडळी दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, ‘मॅडम, आमचा काय नंबर लागतोय!’ आणि मोबाइल टेबलावर ठेवून मोकळी झाली. तेव्हापासून माझं म्हणणं पक्कं आहे: नंबर काढू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या चालण्याशी करा.

आधी दोन आठवडे नुसतं मोजा

उद्दिष्ट, बक्षीस काही नाही, फक्त रोजची पावलं लिहून ठेवायची. पहिले तीन-चार दिवस नवी नवलाई असते, आकडे फुगतात. ते सोडून द्या आणि उरलेल्या दिवसांची सरासरी काढा.

मोजायचं कशाने, इथे नीट लक्ष द्या. मोबाइल पावलं मोजतो, पण तो अंगावर असला तर. आमच्या अकाउंट्समधल्या एका ताईंची पावलं रोज हजाराच्या आत यायची. मी एकदा त्यांच्यासोबत अख्खा दिवस काढला. स्टोअर, बँक, साहेबांची केबिन, पुन्हा स्टोअर, सारख्या येरझाऱ्या चालू होत्या. मोबाइल मात्र पर्समध्ये आणि पर्स ड्रॉवरमध्ये. साडीला खिसा नाही, कुर्त्यालाही नाही. योजना पुरुषांच्या पँटच्या खिशावर बेतलेली होती, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. नंतर आम्ही सगळ्यांना मनगटावरचे साधे पट्टे दिले. तेवढं बजेट नसेल तर निदान ज्यांना खिसा नाही त्यांच्यासाठी घ्याच.

उद्दिष्ट: दहा हजारांचा हट्ट नको

10,000 हा आकडा डॉक्टरांच्या अभ्यासातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. तिथून हा आकडा जगभर गेला. सरासरी 3,500 पावलांवर असलेल्या माणसाला तो दिला की तो पहिल्याच दिवशी हात टेकतो. त्याच्या सरासरीत 1,500 मिळवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा थोडं वाढवा. बहुतेकांसाठी शेवटचा मुक्काम 7,000 च्या आसपास ठेवला तरी पुरे.

ही 1,500 पावलं म्हणजे किती, हेही दाखवा. बऱ्यापैकी वेगाने दहा मिनिटं चाललं की साधारण हजार पावलं होतात. म्हणजे जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली. शब्द घरातलाच आहे, त्यामुळे समजावून सांगावा लागत नाही.

पैसे: आधी नावावर जमा करा, मग कापा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 281 कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. तो 2016 साली प्रसिद्ध झाला. सगळे वजनाने जास्त, उद्दिष्ट सगळ्यांना दिवसाला 7,000 पावलं. एका गटाला पैसे नाहीत, फक्त रोजचा निरोप. दुसऱ्याला उद्दिष्ट गाठलेल्या प्रत्येक दिवसाचे 1.40 डॉलर. तिसऱ्याला सरासरी तेवढ्याच किमतीची लॉटरी. चौथ्या गटातल्या प्रत्येकाच्या नावावर महिन्याच्या पहिल्याच दिवशी 42 डॉलर जमा केले आणि उद्दिष्ट चुकलेल्या दिवसाचे 1.40 कापत गेले.

दुसऱ्या आणि चौथ्या गटाचा हिशोब कागदावर एकच आहे. तरी 13 आठवड्यांत पहिल्या गटाने सरासरी 30 टक्के दिवस उद्दिष्ट गाठलं, दुसऱ्याने 35, लॉटरीवाल्यांनी 36 आणि चौथ्याने 45. बिनपैशाच्या गटापेक्षा खात्रीने वेगळा म्हणावा असा एकटा चौथाच. मिळेल त्याची वाट पाहणं सोपं, पण नावावर पडलेलं जाताना बघवत नाही.

आपल्याकडे हे असं बसवा. रोजचे 20 रुपये धरले तर 30 दिवसांचे 600 रुपये एक तारखेला प्रत्येकाच्या नावावर लिहा. 13 आठवडे म्हणजे 91 दिवस, माणशी जास्तीत जास्त 1,820 रुपये. चाळीस माणसांचे 72,800. वरच्यासारखे 45 टक्के दिवस गाठले गेले तर प्रत्यक्ष खर्च 32,760. मॅनेजमेंटपुढे दोन्ही आकडे ठेवा, आणि मंजुरी मोठ्या आकड्याची घ्या. सगळेच चालले तर पैसे कमी पडले म्हणून कुणाला नाही म्हणायची वेळ येऊ नये.

एक सांभाळा: हे पैसे पगारापासून पूर्ण वेगळे हवेत. न चालल्याबद्दल पगारातून कपात कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. कापायचं ते फक्त वरच्या बक्षिसातून. रोख बक्षीस आयकरासाठी पगारातच धरलं जातं, तेव्हा ते कसं द्यायचं हे सीएंना आधीच विचारून घ्या.

रोज निरोप पाठवा

महिनाअखेरीला एकदम हिशोब दिला तर वरची सगळी युक्ती वाया जाते. रोज सकाळी प्रत्येकाला स्वतंत्र निरोप जायला हवा: ‘काल 5,240 पावलं. उद्दिष्ट 5,000. तुमचे 600 शाबूत.’ चुकलं तर: ‘काल 3,900. 600 पैकी 580 शिल्लक. आज गाठा.’ एवढंच. उपदेश नको, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. कुणाचे किती कापले हे ज्याचं त्याला कळलं की पुरे.

चार-चार जणांच्या टोळ्या करायच्या असतील तर सगळं बक्षीस टोळीवर ठेवू नका. एकाच्या गुडघ्यामुळे तिघांचे पैसे गेले की त्याला ऑफिसात तोंड दाखवायची चोरी होते. मुख्य पैसे माणशी ठेवा, टोळीला वर एखादं छोटं बक्षीस.

कुणाला सूट, कुणाला वेगळी सोय

गरोदर भगिनी, गुडघे किंवा पाठ दुखणारे, मधुमेहामुळे पायाला जखम असलेले, व्हीलचेअर वापरणारे यांना ‘भाग घेऊ नका’ म्हणणं अन्याय आहे. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, तेवढी मिनिटं हेच त्यांचं उद्दिष्ट, पैसे तेवढेच. मशीनवर आठ तास उभं राहणाऱ्या कामगाराची पहिली गरज जास्त चालणं ही नाही. त्याला टेकायला स्टूल आणि मध्ये दहा मिनिटं बसायला मिळायला हवं. ऑफिसवाल्यांना चालायचे पैसे देताना त्याच बजेटातून हेही करा, नाहीतर युनियन विचारेल आणि ते बरोबरच विचारेल.

माहिती कमीत कमी घ्या

ॲपमध्ये झोप, वजन, कुठे गेलात, सगळं असतं. तुम्हाला फक्त दिवसाची पावलं हवीत. तेवढीच लेखी संमतीने घ्या (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 लक्षात असू द्या), योजना संपली की पुसून टाका, आणि बढतीच्या फायलीपाशी फिरकू देऊ नका. मोबाइल हलवून पावलं वाढवणारे एक-दोघे निघतील. उद्दिष्टापुढच्या पावलांना पैसे नसले की त्यातली बरीचशी गंमत संपते.

कधी आणि कुठे

दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात माणसं बाहेर काढू नयेत. रस्त्यावर फूटपाथ नसेल तर आवारातच फेरी आखा. आमची गेटपासून कँटीनमागून परत अशी फेरी 420 पावलांची भरली. मागच्या बाजूला अंधार होता, तिथे दोन दिवे लावून घेतल्यावर संध्याकाळी बायकाही फिरू लागल्या.

चौदावा आठवडा

पैसे थांबले की काय होतं? पेनसिल्व्हेनियात पुढच्या 13 आठवड्यांत सगळेच गट खाली आले, चौथ्याची आघाडीही टिकली नाही. सिंगापूरमध्ये 13 संस्थांतल्या 800 कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. आठवड्याला 50,000 पावलं झाली की 15 सिंगापूर डॉलर, 70,000 च्या वर गेली की 30. सहा महिने पैशाने लोक जास्त चालले, वर्षाअखेरीला तो फरक उरला नाही. वजन आणि रक्तदाबातही सुधारणा दिसली नाही. म्हणून बारीक व्हाल, बीपी उतरेल असं आश्वासन कुणाला देऊ नका.

पैसे चालू आहेत तोवर दिवसाचा एक ठरावीक वेळ लावून घ्या. आम्ही जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढवून घेतली आणि योजना संपल्यावरही ती परत दिली नाही. शेवटच्या महिन्यात रक्कम 20 वरून 10, मग 5 वर आणली. आता पैसे बंद आहेत. चाळीसपैकी चौदा-पंधरा जण अजून पावणेदोनला डबे धुऊन कँटीनच्या मागे निघतात. अकाउंट्सच्या त्या ताई पुढे असतात, मनगटावर पट्टा अजून आहे.