गर्भपाताविषयीची कॅथलिक शिकवण विवाहपूर्व वर्गात कशी मांडावी

मराठवाड्यातील धर्मशिक्षकाने या विषयाची सुरुवात शिक्षेपासून करू नये. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवनाचा आदर व रक्षण झालेच पाहिजे आणि म्हणून हेतुपुरस्सर केलेला गर्भपात चर्चला मान्य नाही, हे मूळ तत्त्व आधी सांगावे. १९७१ च्या कायद्याने काही परिस्थितीत परवानगी दिली असली तरी चर्चचा नैतिक निर्णय त्यावर अवलंबून नाही, एवढे सांगून पुढे जावे.

सोनोग्राफीवर मात्र सावकाश बोलावे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या; हा आकडा फळ्यावर लिहावा आणि वर्गाला काही क्षण तो पाहू द्यावा. गर्भाच्या उपचारासाठी केलेली तपासणी चर्चला मान्य आहे, गर्भपाताच्या इराद्याने केलेली नाही. गर्भाशयाच्या कर्करोगासारख्या आजारात आईवरील आवश्यक उपचारामुळे गर्भ दगावला, तर तो हेतुपुरस्सर गर्भपात ठरत नाही. हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवावे.

गर्भपाताबद्दल चर्चच्या कायद्यानुसार आपोआप लागणाऱ्या बहिष्काराच्या, म्हणजे संस्कारांपासून दूर ठेवण्याच्या, शिक्षेविषयी विचारले गेल्यास, सोळा वर्षांखालील किंवा तीव्र भीतीपोटी वागलेल्या व्यक्तीला ती आपोआप लागू होत नाही, हेही सांगावे. सासरच्या दबावाखाली दवाखान्यात नेलेल्या सुनेच्या बाबतीत हे कलम फार महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. त्यामुळे वर्गानंतर कोणी एकटी थांबली, तर तिला प्रश्न न विचारता फादरांकडे पापनिवेदनाची वेळ मिळवून द्यावी.