एन्झाइमचं प्रॅक्टिकल करताना: गरम नळी आणि थंड बफर

बीएस्सीला बायोकेमिस्ट्री घेतलीत की लाळेतल्या अमायलेजचं (स्टार्च पचवणारं एन्झाइम, म्हणजे क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) प्रॅक्टिकल वाट्याला येणारच. स्टार्चच्या द्रावणात पातळ केलेली लाळ घालायची, ठरावीक वेळाने थेंब काढून आयोडीनमध्ये टाकायचा आणि निळा रंग यायचा कधी थांबतो ते बघायचं. जितक्या लवकर थांबेल तितकं एन्झाइम जोरात. तापमान आणि पीएच (शाळेच्या पुस्तकातला सामू) बदलून हेच करायला गेलं की मात्र गोंधळ सुरू होतो.

माझा झाला तो उकळत्या नळीत. ठाण्याच्या कॉलेजात एस.वाय.ला होते. त्या दिवशी थेंब तपासायच्या खळग्यांच्या टाइल पुरल्या नाहीत, म्हणून आयोडीन थेट नळ्यांतच टाकलं. बर्फातली नळी निळी झाली, 37 अंशांची पिवळसर राहिली, आणि उकळत्या पाण्यातलीही पिवळसरच. मी जर्नलात लिहून टाकलं की 100 अंशांनाही स्टार्च पचला. लॅबमधल्या काकांनी ते वाचलं आणि नळी चिमट्यासकट माझ्या हातात दिली. "नळाखाली धर जरा." धार लागली तशी काचेलगत निळसर छटा आली, बघता बघता अख्खी नळी शाईसारखी झाली. स्टार्च होता तिथेच होता. त्याच्या सर्पिल साखळीत आयोडीन अडकलं की निळा रंग येतो. तापवलं की ते सुटतं, निवलं की परत अडकतं. उकळून कामातून गेलेलं एन्झाइम मी चालू ठरवलं होतं. म्हणून सांगते, आयोडीन टाकण्याआधी नळी निवू द्या.

बर्फाची गोष्ट वेगळी. ती नळी मुठीत धरून बसा, थोड्या वेळात काम सुरू होतं. थंडीत रेणूंच्या धडका मंदावतात, पण प्रथिनाची घडी शाबूत असते. उकळल्यावर घडीच उलगडते. कच्ची पपई चोळून ठेवली की मटण मऊ होतं. तीच पपई आधी शिजवून चोळली तर काही होत नाही, ते याचमुळे.

व्हायवाला "ऑप्टिमम किती?" (एन्झाइम सगळ्यात जोरात कुठल्या तापमानाला चालतं) विचारलं की सगळे 37 म्हणतात. त्याच्या पुढचंही समजून घ्या. तापमान वाढलं की क्रिया वेगाने होते, आणि एन्झाइम बिघडतंही वेगाने. दोन मिनिटांत मोजलंत तर जास्त तापमान सरस दिसेल, अर्ध्या तासाने मोजलंत तर कमी. म्हणून आकड्यासोबत वेळ लिहायची. आणि "रूम टेम्परेचर" म्हणजे 25 हे ठाण्याच्या मे महिन्यात धरू नका. आमच्या पंख्याखालच्या नळीत थर्मामीटर बुडवला तेव्हा 32 निघालं. थर्मामीटर नळ्या ठेवायच्या पाण्याच्या बाथमध्ये नाही, नळीत बुडवायचा. आणि स्टार्च व एन्झाइम दोन्ही वेगवेगळे त्या तापमानाला आल्यावरच मिसळायचे.

पीएचने एन्झाइमवरचे विद्युतभार बदलतात, म्हणून प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमांपैकी पेप्सिन पोटातल्या आम्लात चालतं आणि ट्रिप्सिनला 8 च्या आसपास लागतं. मुळात पीएच ही मोजपट्टीच एन्झाइमच्या अभ्यासातून आली. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी ती 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली.

हे सगळं पाठ असूनही महापे एमआयडीसीतल्या पहिल्या नोकरीत मी चुकले. साबणाच्या पावडरीत घालतात तसल्या प्रोटीएजची (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) तपासणी होती. फ्रिजमधून काढलेल्या ट्रिस बफरचा (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच तसाच 8.5 ला बसवला आणि 37 अंशांवर वापरला. रीडिंग सलग कमी येत गेलं. दोन दिवस मी एन्झाइमच्या बॅचला दोष देत होते. तापमान वाढलं की ट्रिसचा पीएच दर अंशामागे साधारण 0.03 ने उतरतो. 4 वरून 37 ला गेलं की 8.5 चं 7.6 च्या जवळ येतं. मीटरवरचं तापमानाचं बटण इलेक्ट्रोडची चूक सुधारतं, बफरची नाही.

आता माझ्या प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं: "ट्रिस, पीएच 8.5, 37 अंशांवर". नुसतं "पीएच 8.5" लिहिलेली बाटली हाती आली तर वापरण्याआधी तो कुठल्या तापमानाला बसवला ते विचारा.